कोळंबी आणि मोरचूद

३ मार्च

बाबा,

तुमची दाढीची वाटी अजून न्हाणीघरातल्या फळीवरच आहे. ठकी तिच्यात रंग कालवते. सांगणार नव्हते, पण वर्षभराने लिहिलेल्या पहिल्याच पत्रात लपवाछपवी नको.

तुमची नात ठणठणीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या लघवीतून रक्त जायला लागलं आणि तुम्ही तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळालात, ते तिला आठवत नाही. पण डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन करते. वर्गात सगळ्यांना त्या आजाराची गोष्ट सांगत सुटलेली असते. आधी माणसाच्या लघवीतून अंडी पाण्यात, मग पाण्यातल्या गोगलगायीच्या पोटात, तिथून अळी होऊन परत पाण्यात, आणि कुणी पाय बुडवला की कातडीतून आत. "आणि मग आजोबा येतात निळा पंप घेऊन!" तेवढं शेवटचं गाळ म्हटलं तर म्हणते, मग गोष्ट अर्धीच राहते.

गेल्या वर्षीच्या त्या बैठकीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आरोग्य खात्याने तुमची मोरचुदाची फवारणी बंद करून कालव्यात गोगलगायी खाणारी कोळंबी सोडायचं ठरवलं आणि ते समजावून सांगायला प्रयोगशाळेतर्फे मला उभं केलं. मोरचुदाने गोगलगायी मरतात, सोबत मासे मरतात, आणि दोन-तीन महिन्यांनी गोगलगायी परत येतात, मासे येत नाहीत, असं मी बोलले. ते खरं होतं आणि आजही आहे, म्हणून माफी मागत नाही. तुम्ही शेवटच्या रांगेत बसला आहात हे मात्र मला बोलून झाल्यावर दिसलं. कारकुनाने तुमच्याकडून पंपखोलीची किल्ली मागून घेतली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मी तीस वर्षं पाण्यात उभा राहिलो. आता तुझी कोळंबी उभी राहील." सगळे हसले, मीही हसले. तुम्ही गंमत करत नव्हतात हे संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. तुमची वळकटी जागेवर नव्हती.

आता तुम्ही कालव्याच्या तोंडाशी, पाण्याच्या दरवाज्याच्या चौकीत राखणदार. तिथल्या पडवीत म्हणे जुन्या मोरचुदाचे डबे आणि एक पंप अजून पडून आहे. खात्याला कळवते, पण खातं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तोवर झाकून ठेवा.

आणखी एक. सोबत एक डबी पाठवते आहे. तुम्हाला लघवीला जळजळ होते, कधीकधी लालसर होते, हे आईने जायच्या आधी मला सांगितलं होतं. डबीत दुपारची लघवी लागते, सकाळची चालत नाही. लाजू नका. मी रोज अशा डब्या तपासते.

तुमचीच हट्टी

२१ एप्रिल

बाबा,

पोस्टमनकडून निरोप मिळाला. निरोप कसला, एक शब्द: "पोचलं." तो म्हणतो, तुम्ही उंबऱ्यावर उभे राहूनच पत्र वाचता, घडी घालून खिशात ठेवता आणि त्याला पाणी देता. डबीचं विचारलं तर हात जोडले त्याने. "ताई, बाकी काहीही आणीन तुमच्यासाठी."

कोळंबी आली! समुद्राकाठच्या उबवणी केंद्रातून, हवेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून. पिल्लं एवढीशी, आणि पारदर्शक. पिशवी उजेडाकडे धरल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. जन्मल्यावर त्यांना खारं पाणी लागतं, मग ती गोड्या पाण्यात वर चढतात. खाली धरण बांधलं आणि त्यांची वाट बंद झाली. तुम्ही आणि आत्या लहानपणी याच पाण्यात जुनं कापड पसरून कोळंबी धरायचात ना? तेव्हा हा आजार इकडे कुणाला ठाऊक नव्हता, असंही तुम्हीच सांगायचात. मी बैठकीत जे बोलले त्यातलं निम्मं तुमच्याकडूनच ऐकलेलं होतं. तिथे तुमचं नाव घ्यायला हवं होतं. ते राहिलं.

आपल्या पाणवठ्याच्या पायऱ्यांभोवती मोठी जाळी लावून त्यांना आत सोडलंय. दिवसा त्या मधल्या खोल पाण्यात बसून असतात. कधी एकदोन काचेच्या बरणीत घेते. तुम्ही पाहायला हवं होतं, गोगलगाय पायांत धरून कशी फिरवतात आणि शंखाचा काठ कसा कुरतडत आणतात. ठकी आणि मी बरणी घेऊन पायरीवर बसून बघत राहतो, पाय वर घेऊन. त्या फार मोठ्या झाल्या की गोगलगायींचा नाद सोडतात, मग त्या काढायच्या आणि नवी पिल्लं सोडायची. म्हणजे हे काम संपणारं नाही. तुमचंही कुठे संपत होतं.

काल छत्रीची काडी मोडली तेव्हा आठवलं. आपल्या घरात कुणी कधी काही मागितलंच नाही. आई स्वयंपाकघरात उभी राहून हवेला सांगायची, "कढईचा कान ढिला झालाय." तुम्ही पेपरमागून हूं की चूं करायचा नाहीत, पण सकाळी कान घट्ट बसलेला असायचा. मी म्हणायची, "दप्तराचा बंद तुटायला आलाय," आणि शाळेत जाताना बंद शिवलेला असायचा. माझ्या सासरी मी असंच हवेशी बोलत राहिले आणि तिथे कुणीच उठलं नाही. तो संसार मोडायला बाकी कारणं होती, पण हेही एक होतं, असं आता वाटतं.

दवाखान्यातली परिचारिका दर गुरुवारी तुमच्या बाजूला येते. तिच्याकडे डबी द्या.

३० मे

बाबा,

घाईत लिहिते आहे. डबी आली नाही.

ऊन फार आहे. पाणी खाली गेलंय आणि पायऱ्यांच्या कडेने शेवाळ नुसतं माजलंय. गोगलगायी पुन्हा दिसायला लागल्या आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवर तर चिकटून बसलेल्या असतात. जूनच्या शेवटी मोठे साहेब तपासणीला येणार. हातजाळीत गोगलगायी भरून आल्या तर पुन्हा फवारणी, कोळंबीचा विषय कायमचा बंद, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. माझा जीव टांगणीला लागलाय. काल ठकी चप्पल धुवायला म्हणून गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली होती. मी तिला फरफटत बाहेर काढलं, आणि मग तीही रडली आणि मीही.

काय करावं सुचत नाही.

९ जून

बाबा,

संपलं सगळं.

सकाळी पायऱ्यांवर गेले तर पाणी निळसर. कडेने कोळंबी उलटी पडलेली, पांढरी झालेली. दगडांखाली हात घातला तर मूठमूठ हाताला लागली. कुणीतरी पहाटे येऊन मोरचूद मारून गेलं. आमच्या जाळीच्या आत. मी तिथेच बसले. बायका घागरी घेऊन येत होत्या, मला बघून परत जात होत्या.

आणि त्या माणसाचं डोकं बघा. कालव्याचं बाजूचं दार बंद करून ठेवलं होतं, म्हणजे खालच्या वस्तीचं पाणी बिघडू नये. पायऱ्यांवर दोरी बांधून तिला लाल कापड लावलं होतं, म्हणजे कुणी उतरू नये. माणसांची एवढी काळजी! आणि कोळंबीसाठी काय केलं? पायऱ्या आणि मधलं खोल पाणी यांच्यामध्ये गोणपाटं टांगली, खाली दगड बांधून, तळापर्यंत. म्हणजे बिचाऱ्यांना मागे पळायलासुद्धा वाट नाही. रात्री त्या खायला पायऱ्यांवर येतात आणि ऊन चढेपर्यंत तिथेच असतात. कोंडून मारल्या. हे नुसतं विष नव्हे, हे ठरवून केलेलं आहे.

ते कापड मी ओढून काढलं, दोरी तोडली. ज्याने हे केलं त्याचे हात झडोत. खात्यातलाच कुणीतरी असणार, जळणारा, ज्याला आयुष्यात काही धड करता आलं नाही आणि दुसऱ्याने केलेलं बघवत नाही. अशा माणसाचं तोंड मला दिसू नये. माझ्या मुलीच्या पाण्याशी खेळला तो.

तुम्हाला लिहिते आहे कारण दुसरं कुणाला लिहू? तुम्ही तीस वर्षं ते डबे वाहिलेत, पण असं कधी केलं नसतंत.

१० जून

बाबा,

कालचं पत्र वाचू नका. पोस्टमनच्या मागे मी नाक्यापर्यंत धावले, पण तो बसमध्ये चढला होता. पोस्टात जाऊन विनवण्या केल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "पिशवी गेली बाई, आता ती पिशवीच परत आणायची का?"

ते लाल कापड मी रागाने घरी आणून कोपऱ्यात टाकलं होतं. ठकीने बाहुलीसाठी उचललं. मला म्हणाली, "आई, हे आजोबांचं आहे. बघ, आजीचे टाके." आईचे तिरपे टाके, बाबा, एक लांब आणि एक आखूड. माझ्या दप्तराच्या बंदावर तुम्ही तसेच घालायला शिकला होतात.

मग एकेक समजत गेलं. बाजूचं दार बंद करणारा खात्यात दुसरा कोण आहे? बाकीचे नुसता पंप मारून मोकळे व्हायचे. पहाटे, कुणी पाण्यात उतरायच्या आधी, हीही तुमचीच वेळ. आणि ती गोणपाटं. मी लिहिलं होतं, दिवसा त्या मधल्या खोल पाण्यात असतात. रात्री कुठे असतात ते लिहिलं नव्हतं. तुम्ही मधलं पाणी वाचवायला तो पडदा लावलात. पहाटेच्या अंधारात, त्या म्हाताऱ्या गुडघ्यांनी पाण्यात उतरून एकेक दगड बांधलात, माझी कोळंबी वाचावी म्हणून. त्या सगळ्या पडद्याच्या अलीकडे होत्या. तुम्हाला कसं कळणार? मी सांगितलंच नव्हतं.

मी लिहिलं, गोगलगायी पुन्हा दिसायला लागल्या आहेत, काय करावं सुचत नाही. आणि तुम्ही वाचलंत, कढईचा कान ढिला झालाय. सायकलला पंप बांधून एवढ्या लांब आलात. आपल्या दारावरूनच गेला असणार, दुसरा रस्ता नाही. दार वाजवलं नाहीत.

मी मदत मागितली नव्हती, असं स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही. मागितलीच होती. दुसरी कुठली भाषा आपल्याला येते?

कालचं पत्र फाडा. खरंच फाडा.

२ जुलै

बाबा,

पोस्टमनला मी शपथ घालून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. नऊ तारखेचं पत्र तुम्ही नेहमीसारखं उभ्याने वाचायला घेतलंत आणि मध्येच उंबऱ्यावर बसलात. त्याला पाणी द्यायचं विसरलात. दुसऱ्या दिवशी दहा तारखेचं घेऊन तो आला तर दार आतून बंद. फटीतून आत सरकवलं. त्यानंतरची दोन छोटी पत्रंही तशीच. आत गेलेली दिसतात, वाचली का ते दिसत नाही. "म्हातारबा आहेत हो आत, खोकला ऐकू येतो," असं म्हणाला. त्यावरच दिवस काढते आहे.

साहेब येऊन गेले. चार जणांच्या देखत हातजाळी पाण्यात फिरवली, वर काढली तर गोगलगाय नाही. एकही नाही. साहेब खूश. "वा, कोळंबीने काम फत्ते केलं म्हणायचं!" माझ्या मनात एक क्षण आलं की मान हलवावी आणि मोकळं व्हावं. पण खोटं बोलून टाळ्या घ्यायला मी तुमची मुलगी असायला नको होते. सांगितलं, कोळंबी मेली, कुणीतरी मोरचूद टाकला. साहेब म्हणाले, "म्हणजे मोरचुदानेच काम झालं की." मी म्हटलं, दोन महिने थांबा, अंडी चिखलात आहेत, गोगलगायी परत येतील. शेवाळ काढून पुन्हा पिल्लं सोडू द्या, मग दोन्हींची तुलना करा. बराच वेळ नाक मुरडून झाल्यावर ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली.

मग साहेबांनी विचारलं, "कुणी टाकला ते कळलं का?"

"नाही," म्हटलं मी. एवढं एक खोटं बोलले. चौकीत पडलेल्या डब्यांबद्दल कुणाला आठवू नये म्हणून ते कळवायचंही आता टाळते आहे. तुम्हीच त्यांची सोय लावा, पण मातीत पुरू नका, आणि पाण्यात तर नकोच. माझ्याकडे द्या, मी बघते.

कोळंबी मेली त्याचं दुःख आहे. ते लपवत नाही. पण कोळंबी पुन्हा येते, पिशव्यांमधून. "त्याचे हात झडोत" हे मी कशाने परत आणू? ज्या हातांनी माझी मुलगी दवाखान्यात नेली त्यांना म्हणाले मी ते. भांडी घासताना, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना, मध्येच ते शब्द ऐकू येतात आणि काम हातातच राहतं.

परिचारिका गुरुवारी तुमच्याकडे येऊन गेली. तिने दार वाजवलं, तुम्ही आतून "बरा आहे" म्हणालात. पडवीतल्या लघवीच्या बादलीकडे तिचं लक्ष गेलं होतं. ती मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही आता माहीत आहे.

बाकी सगळं ठीक. पाणवठ्यावर तिसऱ्या पायरीचा दगड हलतो आहे.

१९ जुलै

बाबा,

आज सकाळी शेवाळ काढायला गेले. तिसऱ्या पायरीचा दगड हलत नाही. खालून खडी भरून सिमेंटने पक्का केलेला, कडा हाताने गुळगुळीत केलेल्या. ओल्या सिमेंटवर कुणी पाय देऊ नये म्हणून वर गोणपाट, आणि दोरीला लाल कापडाचा तुकडा. या वेळी टाके नव्हते, कापड माझ्याकडेच होतं ना. नुसतं फाडून बांधलेलं.

शेजारी तीन डबे, झाकणं घट्ट लावलेले. आणि पंप, धुऊन पुसून. पट्ट्यासुद्धा तेल लावून मऊ केलेल्या.

मी रस्त्याकडे पळत गेले. सायकलची खूण आपल्या दारापर्यंत येते. तिथे तुम्ही थांबलात, एक पाय टेकवून, बुटाचा ठसा आहे. मग खूण पुढे जाते. मी आत चहा ठेवत होते बाबा. स्टोव्हच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. आठवडाभर रोज पहाटे उठून दोन कप मांडत होते, तुम्ही दगड बसवायला याल आणि मग सहज आत याल म्हणून. माझं सगळं गणितच चुकलं. आपल्या घरात हवेशी बोललं की कढई नीट होते, बंद शिवला जातो, दगड बसतो. माणूस येत नाही. आईलासुद्धा हे माहीत असणार. ती एवढी वर्षं कढईबद्दलच का बोलत राहिली कोण जाणे.

दगड ठीक होता, बाबा. थोडासा हलत होता, पण कुणी पडलं नसतं. मला दगड नको होता. मला तुम्ही हवे आहात. नऊ तारखेच्या पत्रासाठी मी माफी मागते, सरळ, शब्दांत. आणि मी घाबरले आहे. त्या बादलीबद्दल ऐकल्यापासून मला झोप नाही. तीस वर्षं तुम्ही ज्या पाण्यात उभे राहिलात ते तुमच्या आत आहे, आणि तुम्ही मनाशी ठरवून टाकलंय की हीच तुमची शिक्षा. ही शिक्षा नाही. हा आजार आहे, आणि त्याला गोळ्या आहेत. ठकीला दिल्या त्याच. माणसाच्या वजनाप्रमाणे द्यायच्या असतात, म्हणून परिचारिका वजनकाटा घेऊन येते आहे. पोटभर खाऊन मग घ्यायच्या, म्हणून डबा घेतला आहे. खूप वर्षांचं दुखणं असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, तेही तिनेच सांगितलं. त्याची गाडीही ठरवली आहे.

ठकी बरोबर आहे. तिने दाढीची वाटी घासून पुसून घेतली आहे, रंग अजून थोडा निघायचा आहे. रस्ताभर विचारते आहे, "आजोबांनी दार उघडलं नाही तर?"

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. दाराच्या फटीतून मीच आत सरकवते आहे आणि बाहेर उभी आहे.

दार उघडा, बाबा.